नरवाडे बाईंच्या घोडमाश्या

सुजाता नरवाडेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती इतिहासाच्या सरांच्या टकलावर काचेचा ग्लास पालथा धरून उभी होती. सर डोळे घट्ट मिटून बसले होते. स्टाफरूममधले बाकीचे प्राध्यापक हातातला चहा तसाच धरून बघत होते. मी त्याच दिवशी मराठी शिकवायला म्हणून लातूरच्या त्या कॉलेजात रुजू होत होते. दारातच थबकले.

"सर, हलू नका. एकच मिनिट."

"बाई, ती माझं रक्त पितेय."

"पिऊ द्या. पोट भरलं की शांत होते."

मग तिनं ग्लासाखालून एक पोस्टकार्ड अलगद सरकवलं, ग्लास उचलला आणि खिडकीच्या उजेडात नेला. सरांनी टक्कल चोळलं. बोटाला रक्त लागलं होतं.

"मादी आहे," ती म्हणाली.

"कशावरून?"

"दोन डोळ्यांच्या मधे फट आहे. नराचे डोळे एकमेकांना चिकटलेले असतात. शिवाय नर चावतच नाही. तो फुलातल्या रसावर राहतो."

"म्हणजे रक्त पिणाऱ्या सगळ्या बायकाच म्हणायच्या!" सर म्हणाले, आणि सगळी खोली हसली.

"अंडी घालायची असतात, सर. त्याला रक्त लागतं. जन्म देणारीला चार घास जास्त लागतात, घरी विचारून बघा."

आता खोली दुप्पट हसली. सरही हसले. तेवढ्यात तिचं लक्ष माझ्याकडं गेलं. "तुम्ही नव्या ना? या, लवकर या. हिचे डोळे बघून घ्या. तासाभरात रंग जाईल."

कुणी माझं नाव विचारण्याआधी मी ग्लासातल्या माशीचे डोळे बघितले. सगळं डोकं म्हणजे डोळेच. हिरवेगार, आणि त्यावर इरकली लुगड्याच्या काठासारखे जांभळट पट्टे. इतकी देखणी गोष्ट इतक्या किळसवाण्या प्राण्याच्या अंगावर असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तसं मी बोलूनही दाखवलं.

"किळसवाणी नाही हो," ती म्हणाली. "भुकेली आहे."

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. रोज कुठल्या तरी इमारतीवर नवी पाटी चढायची. पाटी आधी यायची, साहेब मागून यायचा आणि साहेबाची खुर्ची त्याच्याही मागून. या सगळ्या साहेबांनी आणि कारकुनांनी गावातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या खोल्या घेऊन टाकल्या होत्या. त्यात दुष्काळ. पावसानं मृगात चार शिंतोडे दिले आणि तोंड फिरवलं ते फिरवलंच. एकट्या बाईला खोली मिळणं मुश्कील होतं. म्हणून सुजातानं मला विचारलं, "दोघी मिळून बघायची का?"

खोली मिळाली ती महादेवी आक्कांकडं. आक्का विधवा, लिंगायत, गळ्यात चांदीची लिंगपेटी, आवाज खणखणीत. मी उदगीरची, आमचं कापडाचं दुकान, मीही लिंगायत. त्यामुळं माझ्या बाबतीत आक्कांना विचारायचं काही राहिलं नाही. त्या सुजाताकडं वळल्या. "ह्या बाई कोन म्हनायच्या?"

मी "माझी मैत्रीण आहे" म्हणून गप्प बसले. पुढचं बोलायचं धाडस मला झालं नाही. ते सुजातानंच केलं.

"मी बौद्ध आहे, आक्का. आधीच सांगते. नाहीतर नंतर तुम्हाला भांडी घासत बसायला नको."

आक्कांनी तिच्याकडं टक लावून बघितलं. मी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होते. मग आक्का म्हणाल्या, "जातीचं ऱ्हाऊ द्या. दोघींना मिळून पानी किती लागतंय ते सांगा."

"दोन घागरी."

"आंघोळ?"

"एक दिवसाआड."

"मग या ऱ्हायला."

एवढ्यावर सगळं मिटलं असं नाही. सुजातानं अंगणातल्या हौदाला हात लावायचा नाही, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही, हे न बोलता ठरलंच होतं. सुजाता आपल्या दोन घागरी गल्लीच्या तोंडाशी येणाऱ्या टँकरवरून भरून आणायची. माझ्याही आणायची. मला त्याची लाज वाटायची, पण आक्कांना काही म्हणायची माझी हिंमत नव्हती.

तिच्या सवयी मला हळूहळू कळल्या. माशी अंगावर बसली की ती मारायची नाही. हात तसाच स्थिर ठेवून बघत राहायची. दंडावर कायम एक-दोन गांधी उठलेल्या असायच्या. माश्या धरायला जाताना मुद्दाम काळं लुगडं नेसायची आणि काळी छत्री उघडायची, कारण घोडमाशी काळ्या, हलणाऱ्या वस्तूवर धावून येते. गावाबाहेरच्या तळ्याच्या काठाला भर दुपारी काळी छत्री धरून उभी राहिलेली बाई बघून लोक थांबायचे. कुणी कुणी हात जोडून जायचे.

"काळं नेसून उन्हाचं कुटं निघाल्या बाई?" आक्का विचारायच्या.

"चावून घ्यायला, आक्का."

माश्या ती रिकाम्या काड्यापेट्यांतून आणायची. मेल्यावर डोळ्यांतला रंग विझतो, म्हणून आल्या आल्या रंगीत पेन्सिली घेऊन बसायची. तेवढा वेळ तिच्याशी बोलायचं नाही. चित्र राहून गेलं आणि माशी वाळली, तर ती ओल्या वाळूच्या डबीत झाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी ते पट्टे पुन्हा थोडेसे उमटायचे. "बघ, आठवलं तिला," असं म्हणायची.

एकदा आक्का उंबऱ्यातून म्हणाल्या, "लिंगवंताच्या घरात जीव मारू नये बाई."

दुसरं कुणी असतं तर थाप मारली असती. सुजाता म्हणाली, "मारते खरी, आक्का. पण उगीच नाही मारत." आक्का उंबऱ्यावरूनच परत फिरल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

मला तिनं माश्या ओळखायला शिकवल्या, मला शिकायच्या नव्हत्या तरी. मी सगळ्यांनाच गोमाशी म्हणायचे. त्यावर ती वैतागायची. "गोमाशी चपटी असते. खेकड्यासारखी तिरकी पळते, नखानं दाबली तरी मरत नाही. ही घोडमाशी. अंगानं जाड, मिशा आखूड, तिसऱ्या पेराला छोटासा दात. आता पंख बघ. पंख काचेसारखे स्वच्छ असले तर एक जात. पंखावर काळा पट्टा आणि मिशा लांब, तर दुसरी. आणि पंखावर सडा शिंपडल्यासारखे ठिपके, बसताना पंख छपरासारखे अंगावर पाडलेले, तर तिसरी. ती आवाजही करत नाही. चावल्यावरच कळतं."

"आणि चावते कशानं?"

"सुऱ्यांनी. डास टोचतो, ही कापते. कापून रक्त बाहेर आलं की चाटते. म्हणून तर जनावर इतकं उसळतं."

कॉलेजात तिला 'माशीवाल्या बाई' म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं. "लोक नावं ठेवतात, मी नावं देते. ज्याचं त्याचं काम," असं म्हणून ती मोकळी व्हायची.

नावाबद्दल ती कधी चेष्टा करायची नाही. हे मला एका रविवारी कळलं. आम्ही ज्वारी निवडत बसलो होतो. मी सहज विचारलं, "जगात इतकं काय काय आहे, तू माश्याच का घेतल्यास?"

ती खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "आमचं गाव धर्माबादजवळ. माझा आजा तिथल्या एका देशमुखाच्या घोड्यापाशी लिंबाचा डहाळा घेऊन उभा राहायचा. माश्या हाकलायला. घोडा उभा, आजा उभा. त्याचा जन्म त्यात गेला. आणि त्यातल्या एकीचंही नाव त्याला ठाऊक नव्हतं. त्याचं नाव तरी कुणाला ठाऊक होतं? 'ए, माश्या हाकल,' एवढंच."

मी निवडलेली ज्वारी सुपात सरकवली.

"माझं घरचं नाव धोंडाबाई," ती पुढं म्हणाली. "दीक्षा घेतल्यावर बापानं शाळेत नेऊन सुजाता केलं. मास्तर म्हणाले, काय फरक पडतो? बाप म्हणाला, फरक पडतो. तुम्ही लिहा."

एवढं बोलून तिनं सूप उचललं आणि पाखडायला लागली.

आम्हा दोघींना उन्हातून कॉलेजात न्यायचा टांगा इस्माईलचाचांचा. चाचा साठीच्या घरातले, दाढी मेंदीनं रंगवलेली, बोलण्यात मराठी आणि दखनी यांची खिचडी. त्यांची घोडी लाडी, कपाळावर पांढरा टिळा असलेली. तबेल्यात शेजारी एक म्हातारा, लंगडा घोडा होता, त्याला ते नुसतंच 'बुढा' म्हणायचे. तो कामाचा राहिला नव्हता, पण त्याला विकायचं चाचांच्या मनात कधी आलं नाही.

त्या पावसाळ्यात एके दिवशी टांगा आलाच नाही. दुसऱ्या दिवशी चाचा चालत आले.

"बाई, लाडी दाणा खाईना झाली. पोटाखाली सूज, पायाला सूज. ताप चढते, उतरते, फिरून चढते. नाकातून पाणी येऊन राहिलं."

लाडीसकट तळ्याकाठच्या टांगेवाल्यांचे सहा घोडे असेच आजारी होते आणि त्याआधी सातवा एक मेलाही होता. जनावरांचे नवे डॉक्टर जिल्ह्यासाठी म्हणून नुकतेच आले होते. तरुण माणूस, सरळ आणि कामाला घाबरणारा नव्हे. त्यांनी घोडे बघितले आणि त्यांचा चेहरा उतरला. सुजलेले पाय आणि वाहणारं नाक बघून त्यांना ग्लँडर्सचा संशय आला. हा रोग माणसालाही लागतो आणि लागला तर माणूस मरतो. म्हणून रोगी घोडा ठेवायचा नाही, मारून पुरायचा, असा कायदा. खात्री करायची चाचणी बाहेरगावाहून यायला दिवस लागणार होते आणि तोवर थांबायला ते तयार नव्हते. परवा सकाळी घोडे संपवायचे, असं ठरलं.

चाचा हे सांगताना रडले नाहीत. फक्त हातातला चाबूक गुंडाळत आणि सोडत राहिले. "बाई, तुम्ही जनावराच्या किड्यांचं शिकलात. काही होईल का?"

"मी घोड्यांची डॉक्टर नाही, चाचा," सुजाता म्हणाली. "पण बघते. बुढा कसा आहे?"

"बुढ्याला काय झालं? मजेत आहे."

सुजाता उठली. "तो आणि लाडी एकाच गव्हाणीत खातात ना?"

"एकाच. वर्षं झाली."

"आणि तळ्यावर पाणी प्यायला बुढा जातो?"

"त्याच्याच्यानं चालवत नाही, बाई. त्याला बादली."

तिनं माझ्याकडं बघितलं. मला काही कळलं नव्हतं. "अगं, संसर्ग गव्हाणीतून असता तर बुढा आधी पडला असता," ती म्हणाली. "जो तळ्यावर जात नाही तो धडधाकट आहे. तळ्यावर काय आहे?"

तळ्यावर काय होतं ते आम्ही दुपारी जाऊन बघितलं. पाणी मधे थाळीएवढं उरलं होतं आणि भोवती चिखल. पंचक्रोशीतली सगळी जनावरं त्या एका ठिकाणी खेटून उभी होती आणि त्यांच्यावर घोडमाश्या तुटून पडल्या होत्या. सुजातानं एक तासात चौदा धरल्या. स्वच्छ पंखांच्या, हिरव्या डोळ्यांच्या, सगळ्या माद्या.

"आता नीट बघ," ती म्हणाली. एक माशी एका घोड्याच्या मानेवर बसली. घोड्यानं अंग थरथरवलं. माशी उठली आणि शेजारच्या घोड्यावर जाऊन बसली. "अर्ध्या जेवणातून उठवली तिला. तोंड रक्तानं भरलेलं तसंच दुसऱ्या ताटावर. या रक्तात काही असेल तर ते त्या रक्तात गेलं."

"काय असेल?"

"सर्रा. रक्तातला जंतू. त्याला औषध आहे, मीना. मारायची गरज नाही." तिचा आवाज चढला होता. लगेच तिनं तो खाली आणला. "पण हे नुसतं माझं म्हणणं झालं. रक्तात दिसायला पाहिजे."

ती लाडीचं रक्त घ्यायला गेली तेव्हा डॉक्टर तिथंच होते. ते म्हणाले, "बाई, मी सांगतोय ते ऐका. ग्लँडर्स असला तर तुमच्या जिवाशी गाठ आहे."

"आणि नसला तर सहा घोड्यांच्या," ती म्हणाली. तोंडाला रुमाल बांधला आणि लाडीच्या कानाच्या शिरेतून सुईनं थेंब घेतला. चाचा लाडीचं तोंड छातीशी धरून उभे होते.

प्रयोगशाळेत तिनं संध्याकाळपर्यंत चार काचपट्ट्या पाहिल्या. काहीच नव्हतं. डॉक्टर आले, त्यांनीही पाहिलं. मग मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही माश्या बघा, बाई. घोडे माझ्यावर सोडा."

तिला ते लागलं. पण ती म्हणाली एवढंच, "ताप उतरलेला असताना रक्त घेतलं, चूक माझी. जंतू ताप चढतो तेव्हा रक्तात येतात. उद्याचा दिवस द्या."

"परवा सकाळपर्यंत तुमचाच आहे," डॉक्टर म्हणाले.

घरी आलो तेव्हा आक्का दारात उभ्या होत्या. गल्लीत बातमी आधीच पोचली होती. मला वाटलं आता त्या सुजाताला आत येऊ देणार नाहीत. आक्का आत गेल्या आणि आपल्या पिण्याच्या पाण्याची पितळी घागर कमरेवर घेऊन बाहेर आल्या.

"हात पुढं करा."

"आक्का, हे प्यायचं पाणी आहे."

"म्हाईत हाय मला. रोगाच्या जनावराला हात लावून आल्यात तुमी. साबन लावा. लावा म्हनते ना." आणि त्या दुष्काळात, जिथं एक दिवसाआड आंघोळ होती, तिथं आक्कांनी सगळी घागर सुजाताच्या कोपरापर्यंतच्या हातांवर रिती केली. दुसऱ्या दिवसापासून सुजाता आक्कांच्याच हौदातून पाणी भरायला लागली. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पहिल्या वर्षाच्या वर्गावर होती. मी शेजारच्या वर्गात होते. चाचा सायकलवरून आले आणि धापा टाकत दारातूनच ओरडले, "बाई, चढला! ताप चढला!"

सुजातानं खडू ठेवला. रक्त ताजं पाहिजे, तर ते कॉलेजपर्यंत आणण्यापेक्षा सूक्ष्मदर्शकच तबेल्यात न्यायचा, असं तिनं ठरवलं. सूक्ष्मदर्शक फाटकाबाहेर न्यायला प्राचार्यांची लेखी परवानगी लागायची आणि प्राचार्य बाहेरगावी होते. ती माझ्या वर्गाच्या दारात आली. "मीना, मांडी लागते तुझी. चल."

आयुष्यात सूक्ष्मदर्शकाला बोटसुद्धा न लावलेली मी सायकलरिक्षात ते पितळी धूड शालीत गुंडाळून, तान्ह्या पोरासारखं पोटाशी धरून बसले. खड्डा आला की सुजाता म्हणायची, "सांभाळ," आणि मी श्वास रोखायचे.

तबेल्याच्या अंगणात, खाटेवर, उन्हाकडं आरसा करून तिनं तो मांडला. लाडी मान खाली घालून उभी होती, अंगावर हात ठेवला तर चटका बसावा इतकी तापलेली. सुजातानं थेंब घेतला, काचेवर झाकण ठेवलं आणि वाकली.

ती किती वेळ वाकून होती मला सांगता येणार नाही. चाचा पुटपुटत होते. मग ती सरळ झाली आणि बाजूला सरली. "बघ."

मी डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग फिकट लाल चकत्या, एकीला एक लागून. आणि त्या गर्दीत काहीतरी ढकलाढकली करत होतं. चकत्या बाजूला होत होत्या. मग ते दिसलं: बारीक, चंदेरी, वळवळणारं, चाबकाच्या वादीसारखं. एक. मग आणखी एक.

"दहा वर्षं फळ्यावर काढतेय त्याला," सुजाता म्हणाली. "जिवंत आज बघितलं."

डॉक्टरांना बोलावून आणलं. ते वाकले. तेही बराच वेळ वाकून राहिले. चाचांनी माझा हात धरला होता. डॉक्टर उठले, रुमालानं कपाळ पुसलं.

"सर्राच आहे, बाई. मी हा फक्त पुस्तकात पाहिला होता."

"मीसुद्धा."

आणि दोघं एकदम हसायला लागली. चाचांना कळेना, हे रडायचं की हसायचं. "म्हणजे मारणार नाही ना?" ते विचारत राहिले. डॉक्टर म्हणाले, "नाही, चाचा. आता सुई द्यायची. आधी बाकीच्या पाचांचंही रक्त बघतो." चाचा जमिनीवर बसले आणि तेव्हा कुठं रडले.

बाकीच्यांच्या रक्तातही तेच निघालं. औषध लातुरात नव्हतं. डॉक्टरांनी नांदेडला तार केली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं सुजाताच जाऊन ते घेऊन आली, कारण वाटेत पार्सल कुठं अडकलं तर दोष कुणाला द्यायचा, असं तिचं म्हणणं. सहापैकी एक घोडा सुई देऊनही गेला, त्याला फार उशीर झाला होता. पाच उठले. चौथ्या दिवशी लाडीनं गव्हाणीत तोंड घातलं आणि बुढ्याच्या वाटणीचं ओढायला लागली. बुढा तिला चावला. चाचा म्हणाले, "अल्हमदुलिल्लाह. भांडायला लागली."

सुजातानं टांगेवाल्यांना गोळा करून सांगितलं की भर उन्हात तळ्यावर जायचं नाही, पाणी बादलीनं तबेल्यात आणायचं, सकाळ-संध्याकाळ लिंबाच्या पाल्याचा धूर करायचा. माशी हातात धरून दाखवली, डोळे, पंख, मिशा. चाचांनी विचारलं, "हिचं कागदावरचं नाव काय, बाई?"

"टॅबॅनस."

त्यानंतर कित्येक दिवस गंजगोलाईच्या बाजारातून जाताना ऐकू यायचं, "अरे, तबानस बसली बघ! हाण!"

प्राचार्य परतल्यावर तिला पत्र आलं की सूक्ष्मदर्शक विनापरवानगी कॉलेजाबाहेर का नेला याचा लेखी खुलासा करावा. तिनं एका ओळीत केला: "घोडा सूक्ष्मदर्शकाखाली आणणे शक्य नव्हते." इतिहासाच्या सरांनी ते पत्र स्टाफरूममध्ये तीनदा मोठ्यानं वाचलं. प्राचार्यही हसले असावेत, कारण पुढं काही झालं नाही.

पुढं तिची नांदेडला बदली झाली, माझं लग्न झालं, मी लातूरजवळच्या मुरुडला आले. पत्रं येत राहिली, मग कमी झाली, मग नुसती दिवाळीची कार्डं. तिनं लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर ती धर्माबादला भावाकडं राहायला गेली.

मागच्या काही वर्षांत एकदा तिच्या भाचीचा फोन आला. आत्याला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एक तर पार पिकलेला, नांदेडला ऑपरेशन आहे, आत्या तुम्हाला बोलावते. मी गेले. ती खाटेवर बसली होती, लहान होऊन. मला आवाजावरून ओळखलं. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की फार उशीर केला, नजर किती परत येईल सांगता येत नाही. मी तिला आयुष्यात घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तिचा हात गार होता.

"मीना, नाही दिसलं तर?"

"दिसेल."

"तू मराठीची. तुला काय कळतंय?" असं म्हणाली, पण माझा हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. नर्सनं डोळा पुसला आणि म्हणाली, "हळू उघडा, मावशी." सुजातानं उघडला. भिंतीकडं बघितलं. खिडकीकडं बघितलं. मग माझ्याकडं. तिचे ओठ हलायला लागले.

"अगं बाई," ती म्हणाली, "तू म्हातारी झालीस की गं!"

आम्ही इतक्या मोठ्यानं हसलो की नर्सनं दटावलं. भाची रडत होती आणि हसत होती. मी म्हटलं, "आणि तू काय तरुण राहिलीस का?" ती म्हणाली, "मला अजून कुणी आरसा दिलेला नाही. तोवर मी तरुण."

दुसऱ्या डोळ्याचंही काम नीट झालं. मी मुरुडहून पुन्हा गेले आणि तिला धर्माबादच्या पॅसेंजरमध्ये बसवायला नांदेड स्टेशनवर आले. खिडकीची जागा मिळाली होती. डॉक्टरांनी दिलेला मोठा काळा चष्मा तिच्या नाकावर होता आणि तो पंधरा दिवस काढायचा नाही अशी सक्त ताकीद होती. शेजारी बसलेली भाची तिला पदर, पाण्याची बाटली, औषधाची पिशवी असं एकेक सांभाळायला सांगत होती. तिचं लक्ष नव्हतं.

गाडीनं शिट्टी दिली. डबा हलला. तेव्हा तिनं चष्मा काढला.

"आत्या!" भाची ओरडली.

"एक मिनिट."

तिनं माझ्याकडं बघितलं. घाई न करता, पांढऱ्या केसांपासून सुरुवात करून, कपाळ, डोळे, गळ्यातली पोत, साडीचा काठ, पायातली झिजलेली चप्पल, थेट खालपर्यंत. मी गाडीबरोबर चालत होते. तिची नजर पुन्हा माझ्या चेहऱ्यावर आली आणि तिथं थांबली.

"झालं," ती म्हणाली. "आता कुठंही ओळखीन."

आणि चष्मा लावला.